दारापुढच्या फळ्या

१२ जानेवारी २०२५

पूर्णिमानं ही डायरी दिली. दिली कसली, हातावर आदळली. म्हणाली, "आई, तुला ज्याची ज्याची भीती वाटती ते ह्यात लिही. फोन करून मला सांगू नकोस. तुझा फोन आला की माझ्या काळजाचं पाणी होतंय, आणि आता मी एकटी न्हाय." एवढं बोलून जावयांच्या गाडीत बसली आणि गेली पेठ वडगावला, सासरी. एकुलती एक पोर, आणि आईला वही देऊन जाते!

बरं, लिहिते. मला सगळ्याचीच भीती वाटते.

पाचवा लागलाय तिला. आधीची दोन्ही तिसऱ्यातच गेली. हे लिहितानासुद्धा हात आखडला. डॉक्टर म्हणतात, आता धोका टळला. त्यांचं काय जातंय म्हणायला? बाळंतपणाला ती इकडं येणार, सातव्यात, आठवा लागायच्या आत. आठव्यात पोरीला घरातून हलवत नाहीत. म्हणजे मार्चमध्ये ती माझ्या दारात येणार, आणि दारात काय आहे? त्या पायऱ्या.

पाचगावच्या उतारावर घर बांधायची अक्कल ह्यांचीच. फाटकातून आत आलं की दगडी पायऱ्या, एक गुडघ्याएवढी, एक बोटभर. गेल्या वर्षी शेजारच्या शालूबाई हळदीकुंकवाला आल्या आणि मनगट मोडून घेऊन गेल्या. परवा संक्रांतीचं आमंत्रण द्यायला गेले तर म्हणतात, "येतो की, पण वाण फाटकातच आणून दे."

१९ जानेवारी

आज ह्यांनी तोंड उघडलं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, पण अजून सगळं मनातल्या मनात मोजतात आणि शेवटी एकच वाक्य बोलतात. म्हणाले, "वरच्या अंगाचा रस्ता आपल्या दाराच्या पातळीलाच हाय. मधे नुसता खड्डा. लोखंडी सांगाडा टाकू, वर फळ्या. डेक. गाडीतनं उतरायचं नि सरळ घरात."

पन्हाळ्यावर एका हॉटेलात असला डेक बघितलाय आम्ही. तिथं चहा पिताना मी सारखी खाली बघत होते, फळ्यांच्या फटीतून दरी दिसत होती. चहा कसा होता विचारलं तर सांगता येणार नाही.

पण पायऱ्यांपेक्षा बरा. मी व्हय म्हटलं. मग लगेच भीती वाटली की व्हय का म्हटलं.

२६ जानेवारी

फळ्यांचा दुकानदार आला होता, सम्राट. पूर्णिमाच्याच वयाचा असेल. दोन तुकडे घेऊन आला. एक सागवानी आणि एक कंपोझिट.

"काकू, ही कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा नि प्लॅस्टिक, वितळवून दाबून काढत्यात. ह्याला कूस न्हाय, वाळवी न्हाय, पॉलिश न्हाय. लावा आणि इसरा."

हे सागवानी तुकड्यावर हात फिरवत बसले. "लाकूड ते लाकूड. पायाला गोड लागतंय," म्हणाले. ह्यांना पायाचं पडलंय! त्या लाकडाला दर वर्षी तेल पाजायचं, नाहीतर चिरतं. चिरलं की कूस निघते, काट्यासारखी. पोरीच्या पायात कूस गेली, तिनं पाय झटकला, तोल गेला, मग? हे मी बोलले तर सम्राट हसला. हसू दे. त्याला पोरगी नाही.

जाता जाता त्यानं आपला उरलेला चहा दोन्ही तुकड्यांवर ओतला. लाकडानं गटागट पिऊन टाकला, डाग पडला. कंपोझिटवर तसाच वर राहिला. त्यानं रुमालानं पुसला, फळी कोरी. "काय मुरतच न्हाय बघा ह्यात," म्हणाला. मला ते फार आवडलं.

२ फेब्रुवारी

आज दोन्ही तुकड्यांची परीक्षा घेतली. मागच्या दारी ठेवले, वर बादलीभर पाणी ओतलं, आणि चप्पल काढून उभी राहिले. आधी सागवानीवर, मग कंपोझिटवर. भिंतीला हात लावून, कारण मी पडले तर सगळंच मुसळ केरात. सागवानी ओली झाल्यावर जरा बुळबुळीत लागली. कंपोझिटवर बारीक खाचा आहेत, पाण्यात पाय घट्ट बसतो. मी पाय घासून बघितला, उडी मारून बघितली. शालूबाई कुंपणावरून बघत होत्या. "वर्षाराणी, नाचायला कुठं जाणार हायस?" म्हणाल्या. म्हटलं, "जत्रंत. येतीस का?"

साबणाचं पाणी टाकून बघायचं होतं, पण तेवढ्यात चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या तिथं शेजाऱ्यांची कोंबडी शिरली. माझा हा चटणीचा धंदा ह्या दिवसांत उसंत देत नाही. राहून गेलं.

९ फेब्रुवारी

ठरलं. कंपोझिट.

माळ्यावरची जुनी पेटी उघडली तर तळ नाहीच. वाळवीनं खाल्लेला. वरून पेटी कशी गुटगुटीत, आणि आत नुसती माती. मी तिथंच खाली बसले. बाहेरून सगळं ठाकठीक आणि आतून पोखरलेलं, ह्याचीच तर मला धास्ती. ह्यांना पेटी दाखवली. म्हटलं, "अजून लाकूड पायजे तुम्हाला?"

ह्यांनी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुझ्या मनाला शांत वाटंल ती लाव," म्हणाले. असा नवरा असला की भांडायलासुद्धा मजा नाही.

२८ फेब्रुवारी

डेक झाला. राखाडी रंग, सरळसोट, दारापासून रस्त्यापर्यंत. कठडा मी छातीएवढा करून घेतला. सम्राट म्हणाला, "काकू, जेल वाटायला लागलंय." वाटू दे.

उंबऱ्याची उंची आणि फळीची उंची एक केली, पाय अडखळायला नको. सगळं केलं. तरी मन खातंय. दुपारी फळ्या तापतात. पोर अनवाणी चालली आणि चटका बसला तर? सकाळीच आणायची तिला, ऊन चढायच्या आत.

रोज सकाळी मी डेकवरून ये-जा करते, पोटावर उशी बांधून, म्हणजे पाय दिसत नाहीत तेव्हा कसं वाटतं ते कळावं. हे पेपरच्या आडून बघतात. परवा ह्यांचा पेपर उलटा होता.

१६ मार्च

वडगावला डोहाळजेवण झालं. पूर्णिमा हिरव्या साडीत अशी दिसत होती की मी पटकन नजर काढली, बोटं कडाकडा मोडली. तिच्या सासूबाईंनी खूप केलं. सगळे हसत होते. मी पण हसले. घरी येताना गाडीत रडले, कारण इतकं चांगलं चाललेलं मला सोसत नाही.

येत्या शनिवारी आणायची.

२३ मार्च

काल लिहायला शुद्ध नव्हती. आज दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितेय. मला कुणीतरी सांगा, मी काय कमी केलं?

काल सकाळी दहाच्या आत गाडी वरच्या रस्त्याला लागली. अमरसिंहांनी, म्हणजे जावयांनी, हाताला धरून तिला उतरवलं. ती डेकवरून चालत आली, एकटी, झोकात. "आई, विमानतळ केलास की गं!" म्हणाली. फळ्या गार होत्या. दाराशी येऊन चप्पल काढून उभी राहिली.

मी सगळं रीतसर केलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायावर पाणी घातलं, डोळ्याला पाणी लावलं. दाराच्या दोन्ही अंगाला तेल घातलं. रीत पळीभराची आहे, माझ्या सासूबाई तेवढंच घालायच्या. मी तांब्याभर घातलं, घाण्यावरचं शेंगतेल. पळीभर घालून कुठलं एवढं मोठं संकट टळणार होतं? आधीच्या दोन्ही वेळा मी काहीच घातलं नव्हतं. ह्या वेळी कमी पडायला नको, म्हणून सगळा तांब्या उपडा केला. जुन्या दगडात तेल जिरायचं. इथं जिरलं नाही, खाचांतून सुळसुळत तिच्या पायापर्यंत गेलं, उन्हात सोन्यासारखं चमकत होतं. मला वाटलं, देवानंच वाट केली.

"उजवा पाय आधी टाक," मी म्हटलं.

तिनं टाकला. आणि गेली. माझ्या डोळ्यांदेखत, एका अंगावर. कठडा छातीएवढा होता, पण तो कडेला होता, ती मधे होती. फळीनं माझी पोर पाडली. असली घट्ट, असली खाचांची, मी उड्या मारून बघितलेली फळी!

राजारामपुरीतल्या दवाखान्यात आणलं. रक्त थांबेना. दुपारी पोट कापून बाळ काढलं.

मुलगी आहे. ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकात नळ्या. डॉक्टरांना विचारलं, जगेल का? म्हणाले, "आता काही सांगता येणार नाही, आई." पूर्णिमा शुद्धीवर आहे. पांढरी पडलीय. माझा हात धरून म्हणाली, "चक्कर आली गं मला. दुसरं काय न्हाय."

चक्कर कुठली? मी तिच्यासमोर उभी होते. कंपोझिटचा हट्ट माझा होता, ते मला लागू नये म्हणून ती खोटं बोलतेय. एवढी मोठी झाली पोर.

२४ मार्च

दवाखान्यात एकाच माणसाला बसू देतात. अमरसिंह बसलेत. मी घरी आले आणि आधी सम्राटला फोन लावला. काय काय बोलले आठवत नाही, पण शालूबाई त्यांच्या घरातून बाहेर आल्या. "तुझ्या फळीनं पाडली माझ्या पोरीला! ये आणि बघ!"

आला बिचारा पळत. बिचारा का म्हणतेय मी? चप्पल काढून दाराशी उकिडवा बसला. फळीवर हात फिरवला. बोटं एकमेकांवर घासली. नाकाला लावली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "काकू, हे..."

"सम्राट," ह्यांनी हाक मारली. "जरा इकडं ये."

दोघं रस्त्यापर्यंत गेले. हे पाठमोरे होते, काय बोलले ऐकू आलं नाही. सम्राट खाली मान घालून ऐकत होता. परत आला तेव्हा हात जोडले. "काकू, चुकलं आमचं. माल खराब लागला. फळ्या सगळ्या काढून नेतो."

म्हटलं, "बघा! बोलले नव्हते मी?" ह्यांच्याकडं बघितलं तर हे कठड्याला धरून उभे होते.

२५ मार्च

पहाटे उठले तर हे शेजारी नाहीत. दार उघडं. डेकवर गुडघ्यावर बसून काथ्यानं फळ्या घासत होते. भांड्याचा साबण, गरम पाणी, शेजारी बादली. ज्या माणसानं आयुष्यात आपली चहाची कपबशी विसळली नाही तो माणूस.

"अहो, काय करताय?"

"चिखल झालता."

चिखल? पाऊस कुठाय? पोर दवाखान्यात, नात पेटीत, आणि ह्यांना स्वच्छता सुचतेय! आणि फळ्या तर काढूनच नेणार आहेत. मी चार शब्द सुनावले. हे मान वर न करता घासतच राहिले. खांदे हलत होते. माणसाचं डोकं फिरतं अशा वेळी. बरं बाई, मी चहा ठेवला.

५ एप्रिल

बाळाचं वजन कमी झालं. काल दोनदा श्वास थांबला. काचेच्या आत सिस्टरनं तळव्याला टिचकी मारली तेव्हा परत सुरू झाला. मी हे बघितलं. आता डोळे मिटले की तेच दिसतं, ती टिचकी. सिस्टरचं लक्ष नसतं तर?

पूर्णिमाला आमच्याकडं न नेता दवाखान्याजवळ खोली घेतलीय, दूध पोचवायला. मला ते पटलं. त्या फळ्यांवरून तिला मी तरी कुठल्या तोंडानं आणू?

तिची त्या दिवशीची साडी धुवायला काढली. रक्ताचा डाग मिठाच्या पाण्यात गेला, पण एका अंगाला पदरापासून निऱ्यांपर्यंत तेलकट पट्टा आहे, तो हटत नाही. तिला म्हटलं, डाळीचं पीठ लावून बघते. ती एकदम ओरडली, "आई, नको लावूस! टाकून दे ती साडी." मग मऊ होऊन म्हणाली, "मला ती आवडतच न्हवती." डोहाळजेवणाची साडी! मी टाकली नाही. ट्रंकेत ठेवली.

१२ एप्रिल

आज जोतिबाची चैत्र यात्रा. सगळं कोल्हापूर गुलालात. मी काचेपुढं उभी राहून मनात चांगभलं म्हटलं. बाळानं बोट हलवलं. एवढंच, एक बोट. वजन वाढलंय म्हणाले. मी विश्वास ठेवायला भितेय.

शालूबाई दवाखान्यात आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं, फळी कशी दगा देऊन गेली आणि मी तेल घातलं होतं म्हणूनच दोघी वाचल्या. नाहीतर काय झालं असतं? शालूबाई एरवी कुणाला बोलू देत नाहीत, आज नुसत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

२७ एप्रिल

फळ्या गेल्या. सम्राट स्वतः आला, माणसं घेऊन. एकेक क्लिप काढली, फळ्या टेम्पोत भरल्या. नवीनच्या नवीन, एकीला ओरखडा नाही. मला क्षणभर वाईट वाटलं, पोराचं नुकसान झालं म्हणून. पण चूक ती चूक.

त्याच सांगाड्यावर सागवानी बसवतोय. ह्यांनी एका शब्दानं "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. मीच म्हटलं, "तुमचंच खरं होतं हो. लाकूड ते लाकूड." तर म्हणाले, "कुठलीही चालली असती, वर्षा." आणि आत निघून गेले. आता ह्याला काय म्हणायचं? ज्या वादात जिंकलाय त्यात तरी माणसानं जिंकावं की नाही!

९ मे

आज बाळ घरी आलं.

डॉक्टर म्हणाले, आता नेऊ शकता. मी परत परत विचारलं, नक्की का? शेवटी पूर्णिमाच म्हणाली, "आई, चल की गं."

मी पुढं येऊन तयारी करून ठेवली. सागवानी फळ्या, उबदार, मधाच्या रंगाच्या. पायाला खरंच गोड लागतात. गाडी लागली. अमरसिंहांच्या हातात बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. पूर्णिमा मागं. दाराशी येऊन थांबले. शालूबाई पण आल्या होत्या.

भाकरतुकडा ओवाळला. पाणी घातलं. मग मी तेलाचा तांब्या उचलला. ह्या वेळी काठोकाठ भरला होता, हातावर सांडत होता.

ह्यांनी माझं मनगट धरलं. "दे इकडं. आज मी घालतो."

"अहो, हे बायकांचं काम!"

"दे म्हणलं न्हवं."

असल्या आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी दिला. ह्यांनी तो डेकच्या कडेला नेला आणि सगळं तेल जास्वंदीच्या बुडाशी मातीत ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, खाली वाकले, आणि दारापुढच्या फळ्या पुसल्या, जिथं काहीच सांडलं नव्हतं तिथंही. मग तळहात टेकून बघितला. मगच पूर्णिमाला म्हणाले, "ये बाळा."

ती आली. उजवा पाय टाकायच्या आधी तिनं खाली बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

मी म्हटलं, "आता कशाला भितीस? फळी बदललीय की!"

ती आत आली. अमरसिंह आले. त्यांनी बाळ माझ्यापुढं धरलं. पूर्णिमा म्हणाली, "घे की आई. तुझीच हाय."

इतके दिवस काचेतून बघितलेली. मी हात पुढं केले, आणि लगेच मागं घेतले. म्हटलं, "थांबा, थांबा. हाताला तेल हाय माझ्या. निसटंल बाळ."

म्हटलं, आणि बोटं एकमेकांवर घासून बघितली.

पूर्णिमानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या पायांकडं बघत होते. शालूबाई दुसरीकडं बघत होत्या. ह्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि त्याच टॉवेलानं पुसायला लागले, एकेक बोट, नखांच्या कडासुद्धा, लहान मुलाचे पुसतात तसे. "काय न्हाय. काय न्हाय झालं," म्हणत होते. पूर्णिमा रडत होती आणि मान हलवत होती.

हात कोरडे झाले. बाळ मी घेतलं नाही.